लष्करी वैमानिकांचा सुरक्षा पट्टा : पार्श्वभूमी

अमेरिकी लष्कराचे पहिले विमान १९१० साली टेक्सासमधील फोर्ट सॅम ह्यूस्टन छावणीत आले, तेव्हा ते उडवण्याचे काम लेफ्टनंट बेंजामिन फुलॉय यांच्याकडे आले. त्यांचे उड्डाणाचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि अडलेल्या गोष्टी ते राइट बंधूंना पत्राने विचारत. त्या विमानात वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्यावरच बसे. पाय दांडीवर टेकलेले आणि हात नियंत्रणाच्या दांड्यांत गुंतलेले. वाऱ्याच्या झोताने विमान अचानक खाली दबले की शरीर मात्र आपल्या आधीच्या वेगाने जात राही आणि बैठक अंगाखालून निसटे. असे बाहेर फेकले जाण्याचा प्रसंग जवळून अनुभवल्यावर फुलॉय यांनी छावणीतल्या जीनगराकडून, घोड्याच्या तंगाला वापरतात तसला चामडी पट्टा मिळवला आणि स्वतःला बैठकीला बांधून घेतले.

ही युक्ती सगळीकडे लगेच रुजली नाही. विमान कोसळताना बाहेर फेकले गेलेलेच बरे, बांधलेला माणूस सांगाड्याखाली आणि इंजिनाखाली चिरडला जाईल किंवा आगीत सापडेल, असे अनेक वैमानिकांना वाटे. इंजिन पाठीमागे असलेल्या विमानांत ही भीती निराधार म्हणता येत नाही.

२० जून १९१३ रोजी अमेरिकी नौदलाचे एन्साइन विल्यम बिलिंग्स्ली अ‍ॅनापोलिसजवळ चेसापीक उपसागरावर उडत असताना विमान अचानक खाली ढकलले गेले, ते बैठकीतून फेकले गेले आणि खाली पडून मृत्युमुखी पडले. नौदलाच्या विमान अपघातातला हा पहिला बळी. सोबतचे लेफ्टनंट जॉन टॉवर्स हेही बैठकीतून सुटले होते. पण पंखांमधल्या एका खांबाला त्यांनी पकडले आणि विमानाबरोबर पाण्यात कोसळूनही ते वाचले. त्यांनी सांगितलेल्या हकीकतीनंतर नौदलात पट्टे बसवण्याच्या मागणीला जोर आला. त्याच वर्षी रशियाच्या प्योत्र नेस्तेरोव यांनी कीव्ह येथे उभे वर्तुळ घेतले, तर फ्रान्समध्ये अदोल्फ पेगू यांनी उलटे उड्डाण करून दाखवले. अशा कसरतींत पट्ट्याखेरीज गत्यंतर नव्हते.

पहिल्या महायुद्धात हेच सारे शत्रूच्या समोर करावे लागले. १० मे १९१५ रोजी ब्रिटिश वैमानिक लुई स्ट्रेंज आपल्या मार्टिनसाइड विमानातल्या लुईस मशीनगनची अडकलेली गोळ्यांची थाळी काढण्यासाठी उभे राहिले, त्यातच पट्टा सरकला, विमान उलटले आणि ते त्या थाळीला धरून हवेत लोंबकळले. क्षणापूर्वी जी निघत नव्हती, ती आता निघू नये एवढाच आधार त्यांना उरला होता. पायांची धडपड करून ते कसेबसे आत परतले आणि विमान सरळ झाल्यावर बैठकीवर इतक्या जोरात आदळले की बैठकच मोडली. दोस्तांच्या लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही मिळत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे एका सैल पट्ट्याची किंमत कळते.

नुसता कमरेचा पट्टा अपुरा होता. ब्रिटिश हवाई दलातले ऑलिव्हर सटन यांनी चार पट्ट्यांची रचना पुढे आणली: दोन मांड्यांवरून, दोन खांद्यांवरून. चारही पट्ट्यांच्या टोकांना रांगेने भोके असत; ती एका निमुळत्या खुंटीवर एकावर एक चढवायची आणि वरून स्प्रिंगची खीळ लावायची. खीळ ओढली की चारही पट्टे एकदम सुटत, त्यामुळे आगीत अडकण्याच्या जुन्या धास्तीलाही उत्तर मिळाले. इतकी साधी असूनही ही रचना पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानापर्यंत टिकली. सटन स्वतः १९२१ मध्ये विमान अपघातात गेले.

आदळण्याच्या धक्क्याचा विचार मात्र फार उशिरा झाला. पहिल्या महायुद्धात टेक्सासमध्ये वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना ह्यू डीहेवन यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. ते वाचले, पण पोटात गंभीर इजा झाल्या, आणि त्यांचे कारण पट्ट्याचे टोकदार बक्कल असावे असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. १९४२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अपघाती इजांवर संशोधन प्रकल्प सुरू केला आणि विमानाचा अंतर्भाग, बैठक व पट्टे यांमुळे कोणती इजा कशी होते, याची पद्धतशीर नोंद तिथे होऊ लागली.