‘कुड’, ‘माइट’ आणि ‘विश’: दहावीच्या ग्रामरमागची जुनी भानगड

अमळनेर घ्या, चोपडा घ्या, शहादा घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या कुठल्याही क्लासमध्ये डोकावलात तर फळ्यावर एक वाक्य हमखास असतं: ही वॉज टू टायर्ड टू वॉक. शेजारी लिहिलेलं, रिमूव्ह टू. आणि पोरं मान वर न करता वहीत उतरवतात, ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक. ‘वॉज’ दिसला की ‘कुड’, ‘इज’ दिसला की ‘कॅन’, एवढं पाठ असलं की मार्क आले. मग पुढच्या आठवड्यात ‘सो दॅट ही माइट पास’, त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘आय विश आय कुड’, आणि प्रत्येकाचा फॉर्म्युला वेगळा. ह्या तिघांचं मूळ एक आहे हे सांगायला कुणाला वेळ नसतो, पोर्शन संपवायचा असतो.

तर सुरुवात जुन्या इंग्रजीपासून करावी लागते, म्हणजे १०६६ ला नॉर्मन लोक इंग्लंडात घुसले त्याच्या आधीची भाषा. त्या भाषेत इच्छा आणि हेतू दाखवायला क्रियापदाचं वेगळं रूपच होतं, इंग्रजी व्याकरणात ज्याला सबजंक्टिव्ह म्हणतात ते. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही कारण आपण रोज तेच बोलतो. ‘पाऊस पडावा’ ही इच्छा झाली, ‘पीक यावं म्हणून खत टाकलं’ हा हेतू झाला, दोन्हीकडे तेच ‘-ावं’ चं रूप, वेगळा शब्द जोडायची गरज नाही. आपलं हे रूप टिकलं, इंग्रजीचं झिजलं. बोलताना जोर शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवट गिळायचा अशी त्या भाषेची चाल, त्यामुळे नॉर्मन यायच्या आधीच प्रत्यय बोथट व्हायला लागले होते, पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तर साधं रूप आणि इच्छेचं रूप कानाला जवळपास सारखंच वाटायला लागलं. मग हेतू दाखवायचा कसा? बाजूला मदतीला उभी असलेली क्रियापदं पुढे आली: मे, माइट, कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड.

ही मंडळी आधी मदतनीस नव्हतीच, पूर्ण अर्थाची क्रियापदं होती. ‘कॅन’ म्हणजे माहीत असणं, आणि त्याचं नातं आपल्या संस्कृत ‘ज्ञा’ धातूशी लागतं. ‘मे’ म्हणजे अंगात ताकद असणं, ‘विल’ म्हणजे हवं असणं, ‘शॅल’ म्हणजे देणं लागणं. म्हणजे जमण्याचं मूळ काम ‘मे’ कडे होतं, ‘कॅन’ कडे फक्त येण्याचं, जसं आपण म्हणतो त्याला पोहता येतं. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर जेव्हा एखाद्याला घोड्यावर बसता येत होतं असं सांगतो तेव्हा तो ‘कुड’चंच जुनं रूप वापरतो. पुढे ‘कॅन’ पसरत गेलं आणि त्याने ‘मे’ ची ताकदीची जागा खाल्ली, ‘मे’ परवानगी आणि शक्यतेकडे सरकलं.

इथे पोरांचा एक जुना प्रश्नही सुटतो. ‘ही गोज’, ‘ही ईट्स’, मग ‘ही कॅन्स’ का नाही? कारण ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही रूपं मुळात भूतकाळाचीच होती, फार जुन्या काळी त्यांना वर्तमानाचा अर्थ चिकटला आणि मग भूतकाळासाठी नवीन रूपं बनवावी लागली, ती ही कुड, माइट, शुड. भूतकाळाच्या रूपांना ‘एस’ लागत नाही म्हणून ह्यांनाही नाही. आणि ‘कुड’च्या स्पेलिंगमधला तो मुका ‘एल’, ज्याच्यावरून श्रुतलेखनात निम्मा वर्ग पडतो, तो तर मुळात नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये एल खरा होता, पूर्वी उच्चारातही होता, पंधराव्या-सोळाव्या शतकात लोकांनी त्यांचं बघून ‘कुड’मध्येही घुसवला.

आता ग्रामरच्या पुस्तकांकडे. इंग्लंडात ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिन ग्रामर शिकवायची शाळा, त्यामुळे इंग्रजीचं व्याकरण लिहायला बसलेल्या माणसाच्या डोक्यात साचा लॅटिनचा. लॅटिनमध्ये हेतूच्या उपवाक्यात मुख्य क्रियापद वर्तमान असेल तर एक रूप, भूत असेल तर दुसरं, आणि भाषांतर करताना पहिल्याला ‘मे’, दुसऱ्याला ‘माइट’ लावायची पद्धत पडली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही हेतूची वाक्यं ह्याच ‘दॅट... मे’, ‘दॅट... माइट’ने भरलेली आहेत, म्हणजे चर्चमध्ये तेच आणि शाळेतही तेच. १७६२ ला रॉबर्ट लोथ नावाच्या पाद्र्याचं व्याकरण आलं, १७९५ ला लिंडली मरेचं. मरे मूळचा अमेरिकेतला वकील, यॉर्कजवळ राहत होता, तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने पुस्तक लिहिलं आणि ते पुढे लाखांनी खपलं. त्याने मे, कॅन, माइट, कुड, वुड, शुड सगळ्यांना ‘पोटेन्शियल मूड’, म्हणजे शक्यता, ताकद, इच्छा दाखवणारं रूप, ह्या एकाच नावाखाली बसवलं.

१८१८ ला पेशवाई गेली आणि खान्देश इंग्रजांकडे आला, मुंबई इलाख्यात. त्यामुळे इलाख्यात जी पुस्तकं चालायची ती धुळ्या-जळगावलाही. १८९० च्या दशकात नेसफिल्डचं ग्रामर आलं, तो भारतातच शिक्षण खात्यात नोकरी केलेला. १९३० च्या दशकात रेन अँड मार्टिन, त्यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि नंतर कादंबऱ्या लिहून जास्त गाजला. ‘सो दॅट’, ‘इन ऑर्डर दॅट’, ‘लेस्ट’ ही जी यादी आजही क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये येते ती ह्याच वाटेने आलेली आहे. माझं मत विचाराल तर पुस्तकं वाईट नव्हती, पण लॅटिनमधून आलेला नियम त्यांनी इंग्रजीचा स्वभाव असल्यासारखा सांगितला आणि आपण तो तसाच पाठ केला. आज बोलताना ‘सो दॅट ही माइट पास’ कुणी फारसं म्हणत नाही, ‘कुड’ किंवा ‘वुड’ म्हणतात, ‘माइट’ जुन्या वळणाचं वाटतं.

खरी गडबड पुढे आहे. भुसावळ स्टेशन डोळ्यासमोर आणा, जिन्यावरून एक माणूस बॅग घेऊन पळत सुटलाय. ‘ही रॅन फास्ट सो दॅट ही कुड कॅच द ट्रेन.’ गाडी मिळाली का? ह्या वाक्यावरून कळतच नाही, तो कशासाठी पळाला एवढंच कळतं. ‘ही रॅन सो फास्ट दॅट ही वॉज एबल टू कॅच द ट्रेन’ म्हटलं की मिळाली, बसला, संपला विषय. एक ‘सो’ इकडचा तिकडे झाला आणि हेतूचा परिणाम झाला. एकदाच घडलेल्या आणि साधलेल्या गोष्टीला ‘कुड’ चालत नाही, ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं, हा नियम पोरांना फार उगाचचा वाटतो. पण बघा, ‘कुड’वर आधीच इतकी कामं पडलीत, हेतूचं, इच्छेचं, ‘झालं असतं तर’चं, नम्रपणे विचारायचं, की नुसतं ‘ही कुड कॅच’ ऐकून समोरच्याला वाटतं, पकडू शकला असता की पकडली? लहानपणी त्याला पोहता यायचं अशा कायमच्या गोष्टीला ‘कुड’ बिनधास्त चालतं. नकारातही चालतं, कारण नाही जमलं म्हणजे नाहीच जमलं, तिथे दोन अर्थ निघत नाहीत. म्हणून ते फळ्यावरचं वाक्य सुरक्षित आहे, त्यात नेहमी ‘कुड नॉट’ असतं. आपण मराठीत म्हणू, इतका दमला की त्याला चालवेना, आणि ‘चालवेना’ मध्ये सगळं येऊन जातं.

‘विश’चं राहिलं. ‘आय विश आय वेअर’ मधला ‘वेअर’ अनेकवचनाचा आहे असं समजून पोरं गोंधळतात, तो अनेकवचनाचा नाहीच, जुन्या सबजंक्टिव्हचं एकवचनाचं रूप आहे, झिजण्यातून वाचलेलं. बाकी सगळीकडे साध्या भूतकाळाने त्याची जागा घेतली, म्हणून ‘आय विश आय न्यू’ मध्ये भूतकाळाचं रूप आहे पण काळ आत्ताचाच. ओटो येस्पर्सन ह्या डॅनिश अभ्यासकाने इंग्रजीतल्या ह्या कल्पनेतल्या भूतकाळावर बरंच लिहून ठेवलंय. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, जूनमध्ये कपाशीचं बियाणं घरात आणून ठेवलेला शेतकरीही म्हणतोच ना, ‘पाऊस पडला तर लावू’, आणि तो ‘पडला’ अजून पडायचाच असतो. त्यालाच इंग्रजीत उसासा टाकायचा असेल तर ‘आय विश इट वुड रेन’, कारण पाऊस आपल्या हातात नाही. स्वतःच्या न जमण्याबद्दल असेल तर ‘कुड’. लग्नपत्रिकेच्या मेसेजला कुणी ‘आय विश आय कुड कम’ पाठवलं की तो येत नाहीये, त्याची पंगतीत जागा धरू नका भो.

‘लेस्ट’ मात्र गंमतशीर टिकलंय. जुन्या इंग्रजीतल्या तीन शब्दांच्या जोडणीतून ते बनलं, अर्थ ‘तसं होऊ नये म्हणून’. बोलण्यातून जवळपास गेलंय, लिहिण्यात कधीतरी दिसतं, पण स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये ‘लेस्ट’ नंतर ‘शुड’, आणि ‘नॉट’ लावायचं नाही, हा प्रश्न अजून ठाण मांडून आहे, कारण नकार ‘लेस्ट’च्या पोटातच आहे. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये तयारी करणाऱ्या पोरांना तेवढं लक्षात ठेवावंच लागतं.