जगाच्या टोकावरचे दीपगृह: पार्श्वभूमी

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांना तिएरा देल फुएगोच्या पूर्वेकडचे इस्ला दे लोस एस्तादोस हे बेट धडकी भरवायचे. तिथल्या खडकांवर जहाजे फुटत. अर्जेंटिनाने मे १८८४ मध्ये या बेटाच्या पूर्व टोकाशी, सान हुआन दे साल्वामेंतोला दिवा लावला. साल्वामेंतो म्हणजे बचाव. शेजारी बचाव ठाणे होते आणि लष्करी कैद्यांचा तुरुंगही.

आपण सवयीने 'दीपस्तंभ' म्हणतो, पण तिथे स्तंभ नव्हताच. कडाच उंच, मग मनोरा कशाला? लाकडाच्या भिंती, वर जस्ताचा पत्रा आणि समुद्राच्या बाजूला तेलाचे दिवे, अशी ती बुटकी खोली होती. तिला 'दीपगृह'च म्हणायला हवे. मात्र प्रकाश मोजक्याच दिशांना पोहोचे आणि ढग उतरले की तोही दिसेनासा होई. १९०२ मध्ये जवळच्या लहान बेटावर अन्यो न्वेव्हो या नव्या दीपस्तंभाचा लोखंडी मनोरा उभा राहिला आणि हा दिवा विझला.

तो विस्मरणात गेला नाही तो १९०५ च्या एका फ्रेंच कादंबरीमुळे. लेखक तिथे कधी गेला नव्हता, त्यामुळे कादंबरीत उंच मनोरा आहे. 'जगाच्या टोकावरचा दीपस्तंभ' हे नाव त्या कादंबरीचेच. त्याचा गोंधळ आजही निस्तरलेला नाही. तिएरा देल फुएगोतल्या उश्वाया शहराहून बोटीने जाणाऱ्या पर्यटकांना बीगल खाडीतला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ले-झेक्लेरर दीपस्तंभ दाखवून हेच नाव सांगितले जाते. तो १९२० चा, म्हणजे कादंबरीनंतर पंधरा वर्षांनी उभा राहिलेला. त्या देखण्या मनोऱ्याचा यात काही दोष नाही, पण फोटोखाली चुकीचे नाव पडते आणि खरी जागा झाकली जाते.

१९९८ मध्ये त्याच कड्यावर दीपगृह पुन्हा उभे राहिले. पुढाकार एका फ्रेंच साहसी माणसाचा होता. याला पुनर्बांधणी म्हणायचे की प्रतिकृती? जागा तीच, घडण जुन्यासारखी, लाकूड मात्र नवे. प्रतिकृती म्हणणे जास्त प्रामाणिक ठरेल. तरीही ती तिथेच उभारली हे योग्यच झाले, कारण त्या कड्याशिवाय या बुटक्या खोलीला अर्थ नाही. फ्रान्समध्ये ला रोशेलच्या किनाऱ्याजवळ २००० साली तिची आणखी एक प्रतिकृती पाण्यात खांबांवर उभी केली. ती दिसते सुंदर, पण पायाखालचा कडाच नसल्याने ती एवढी बुटकी का, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

मूळ इमारतीचे उरलेसुरले अवशेष त्याआधीच बेटावरून उश्वायाला नेले होते. तिथल्या जुन्या तुरुंगात आता सागरी संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात ते जपले आहेत. बेटावरचा लष्करी तुरुंगही १९०२ मध्ये उश्वायालाच हलवला होता आणि पुढे तो याच तुरुंगात विलीन झाला.