चरखा, चाबूक आणि मधली चाळीस वर्षे : बेन किंग्सले यांच्या ठळक भूमिकांच्या निवडीमागची पार्श्वभूमी

एखाद्या नटाची जवळजवळ साठ वर्षांची कारकीर्द चार-पाच भूमिकांत बसवायची झाली, तर कोणत्या भूमिका ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हा प्रश्न सर बेन किंग्सले यांच्या बाबतीत वरवर सोपा वाटतो. ‘गांधी’ हे पहिले नाव घ्यायला कोणी क्षणभरही थांबत नाही. मतभेद सुरू होतात ते दुसऱ्या नावापासून. कोणी ‘शिंडलर्स लिस्ट’मधला हिशेबनीस इत्झाक स्टर्न सांगतो, कोणी ‘सेक्सी बीस्ट’मधला डॉन लोगन, तर तरुण प्रेक्षक ‘आयर्न मॅन ३’मधला ट्रेव्हर स्लॅटरी. प्रत्येक उत्तर देणाऱ्याचे वय आणि त्याने किंग्सले यांना प्रथम कुठे पाहिले, हे त्या उत्तरातून कळते. ही निवड दर दहा वर्षांनी बदलत कशी गेली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या स्नेंटन या गावी झाला. मूळ नाव कृष्णा पंडित भानजी. वडील गुजराती खोजा घराण्यातले, पूर्व आफ्रिकेत वाढलेले डॉक्टर, तर आई इंग्लिश. बालपण मँचेस्टरजवळ गेले. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड या गावी इयन होम या नटाने साकारलेला शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड पाहिला आणि नट होण्याचा निश्चय तिथेच पक्का झाला, असे त्यांनी सांगितले आहे. भानजी या नावाच्या तरुणाला इंग्लिश रंगभूमीवर कोणत्या भूमिका द्यायच्या, हे निर्मात्यांना उमगत नव्हते. लवंगांचा व्यापार करणाऱ्या आजोबांच्या टोपणनावावरून ‘किंग्सले’ आणि वडिलांच्या टोपणनावावरून ‘बेन’ घेऊन त्यांनी नवे नाव धारण केले, तेव्हा कुठे दारे उघडली. कृष्णा भानजी या नावाला ज्या भूमिका मिळाल्या नसत्या, त्या बेन किंग्सले या नावाला मिळाल्या आणि त्यांतूनच तयार झालेला नट पुढे एका गुजराती माणसाच्या भूमिकेसाठी निवडला गेला.

१९६७ साली ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. १९७० साली पीटर ब्रुक यांनी बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये ते डिमिट्रियस होते. पांढऱ्या भिंतींच्या पेटीसारखे नेपथ्य आणि झोपाळ्यांवरची पात्रे यांमुळे हा प्रयोग गेल्या शतकातल्या रंगभूमीच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला. पाच वर्षांनी बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडवजा नाट्यगृहात आधुनिक वेशातला ‘हॅम्लेट’ केला, त्यात हॅम्लेट किंग्सले यांनी केला. प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसलेले असत आणि स्वगते थेट त्यांच्याशी बोलली जात. या प्रयोगाच्या सुरुवातीच्या दिवसांतच गुडबॉडी यांनी आयुष्य संपवले, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत हे दुःख त्या भूमिकेपासून वेगळे राहिले नाही. या काळातले पडद्यावरचे काम मात्र अगदी थोडे. चित्रपट म्हणावा असा एकच, १९७२ सालचा ‘फिअर इज द की’.

‘गांधी’ची कथा त्याच्याही आधी सुरू होते. १९६२ साली लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी ब्रिटिश दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांना गांधीजींवर चित्रपट करण्याची गळ घातली. त्यानंतर कॅमेरा सुरू व्हायला अठरा वर्षे गेली. पैसा, परवानग्या, पटकथा आणि मुख्य भूमिका या चारही गोष्टी वेळोवेळी अडल्या. भूमिकेसाठी ब्रिटनमधल्या बड्या नटांची नावे चर्चेत येत राहिली. अखेर अ‍ॅटनबरो यांचे चिरंजीव मायकेल, जे स्वतः रंगभूमीवर काम करत होते, त्यांनी किंग्सले यांचे नाव सुचवले. परदेशी नट गांधीजी साकारणार याला भारतातून विरोध झाला. वडिलांकडून आलेला गुजराती वारसा पुढे आल्यावरही तो पूर्ण मावळला नाही, आणि तो चुकीचा होता असेही आज म्हणता येणार नाही. पण वजन उतरवून, योगाभ्यास करून, चरखा चालवायला शिकून किंग्सले यांनी जे उभे केले, त्याने त्या विरोधाचा मुद्दाच बदलून टाकला.

चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ या काळात झाले. ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे गांधीजींच्या अंत्ययात्रेला बरोबर तेहेतीस वर्षे होत असताना, दिल्लीत अंत्ययात्रेचा प्रसंग चित्रित झाला. तीन लाखांहून अधिक लोक त्यासाठी रस्त्यावर होते. या भव्यतेची चर्चा नेहमी होते. नटाच्या दृष्टीने मोलाचा प्रसंग मात्र दक्षिण आफ्रिकेतला आहे. गांधीजी नोंदणीचे परवाने एकेक करून जाळत आहेत आणि पोलीस अधिकारी त्यांच्यावर दंडुका चालवतो. ते खाली कोसळतात. मग थरथरता हात जमिनीवरचा आणखी एक परवाना उचलतो आणि पुन्हा आगीकडे नेतो. चेहऱ्यावर आवेश नाही की हौतात्म्याचा भाव नाही. हात दुखतो आहे आणि तरी काम पुरे करायचे आहे, एवढेच दिसते. किंग्सले यांच्या नटपणाची सगळी शिस्त मला त्या एका हालचालीत दिसते.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटाबद्दल जो जिव्हाळा आहे, त्याला तशीच कारणे आहेत. कस्तुरबा साकारल्या पुण्यात वाढलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी, आणि त्यांना ब्रिटिश अकादमीचा (बाफ्टा) सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू. वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. ज्या आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला, तिथेही चित्रीकरण झाले. डॉ. लागूंच्या नावापुढे आपण आजही सर्वप्रथम अप्पासाहेब बेलवलकर लावतो. एका भूमिकेने नटाला वेढून टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’ला अकरा नामांकनांपैकी आठ ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या शर्यतीत डस्टिन हॉफमन, पॉल न्यूमन, जॅक लेमन आणि पीटर ओटूल होते, आणि पुरस्कार किंग्सले यांना मिळाला. त्याहून बोलकी गोष्ट ब्रिटिश अकादमीची. तिने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवले आणि मुख्य भूमिकेतला सर्वात आश्वासक नवोदित म्हणूनही गौरवले. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते आणि दीड दशक शेक्सपिअर करत आलेले होते. पडद्याच्या जगाने त्यांचे वय ‘गांधी’पासून मोजायला सुरुवात केली. १९८४ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. गांधीजींच्या वचनांच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमीही मिळाले. पहिल्या दशकात त्यांची ठळक भूमिका कोणती, हा प्रश्नच उरला नव्हता.

ही सावली मोडण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. १९८३ साली ‘बिट्रेअल’ आणि १९८५ साली ‘टर्टल डायरी’ हे दोन लहान, शहरी, संयत चित्रपट आले. १९८५ सालीच त्यांनी रंगभूमीवर ऑथेल्लो केला, डेव्हिड सुशे इयागो होते. १९९१ साली ‘बग्सी’मधला गुन्हेगारी जगातला थंड डोक्याचा मेयर लॅन्स्की त्यांना ऑस्करच्या नामांकनापर्यंत घेऊन गेला, आणि १९९३ साली ‘शिंडलर्स लिस्ट’ आला.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ठळक भूमिकांच्या बहुतेक याद्या स्टर्नला एकटाच उचलतात. प्रत्यक्षात तो एका लांब साखळीचा दुवा आहे. १९८९ साली किंग्सले यांनी दूरदर्शनपटात नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन विझेन्थाल साकारले होते. चार वर्षांनी स्टर्न आला, आणि २००१ साली दूरचित्रवाणीवरच अ‍ॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक. २०१८ साली ‘ऑपरेशन फिनाले’मध्ये त्यांनी थेट अडोल्फ आइखमन केला. ज्यांनी भोगले आणि जे वाचले त्यांच्या बाजूने तीन वेळा उभे राहिलेला नट अखेर ज्यूंच्या त्या संहाराच्या व्यवस्थापकाच्या कातडीत शिरला. असा तीस वर्षांचा अभ्यास मला दुसऱ्या नटाच्या नावावर चटकन आठवत नाही. तरी तो याद्यांत दिसत नाही, कारण त्यातले दोन दुवे टीव्हीवरचे आहेत आणि टीव्हीचे काम दुय्यम धरण्याची सवय अजून गेलेली नाही. स्टर्नचे मोठेपणही फार बारीक आहे. कारखान्याचा मालक शिंडलर पुन्हा पुन्हा मद्याचा पेला पुढे करतो आणि स्टर्न तो घेत नाही. सगळे संपल्यासारखे वाटते तेव्हा एकदाच तो घेतो. नकार आणि स्वीकार यांतले अंतर नजरेच्या हालचालीइतके आहे, पण दोन माणसांमधले नाते बदलल्याचे त्यातून कळते. ऑस्करची नामांकने लिअम नीसन आणि रेफ फाइन्स यांना मिळाली. किंग्सले यांना मिळाले नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

सन २००० मध्ये जोनाथन ग्लेझर यांचा पहिला चित्रपट ‘सेक्सी बीस्ट’ आला आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. स्पेनमध्ये निवृत्तीचे सुख भोगणाऱ्या जुन्या दरोडेखोराला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी डॉन लोगन लंडनहून येतो. तो ताठ बसतो, पापणीही न हलवता समोरच्याकडे पाहत राहतो, आणि नकार हा शब्द त्याच्यापुढे टिकत नाही. दाढी करताना आरशातल्या स्वतःशीच तो भांडतो, तेव्हा या माणसाच्या डोक्यात एक क्षणही शांतता नसणार हे लक्षात येते. गांधींच्या बरोबर उलटा माणूस, असे सगळीकडे लिहिले गेले. पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. २००२ मध्ये ‘सर’ हा किताब आला. तेव्हापासून किंग्सले यांच्यावरचे लेख ‘गांधी ते डॉन लोगन’ अशा दोन टोकांमध्ये बांधले जाऊ लागले, आणि ती मांडणी आजही चालू आहे.

या मांडणीत सर्वाधिक नुकसान झाले ते ‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’ (२००३) मधल्या कर्नल बेहरानीचे. इराणमधून परागंदा झालेला हा लष्करी अधिकारी अमेरिकेत रस्तादुरुस्तीच्या टोळीत मजुरी करतो. घरी परतण्यापूर्वी हॉटेलच्या स्वच्छतागृहात जाऊन तो हातापायांची धूळ धुतो, सूट चढवतो आणि साहेब होऊन बाहेर पडतो. ही कसरत कोणापासून लपवायची आहे, हे किंग्सले बोलून सांगत नाहीत. टाय नीट करताना मान किंचित उंच होते, तेवढ्यातच पूर्वीचा हुद्दा, आताची लाज आणि कुटुंबावरचा जीव कळून येतो. पुढे रुग्णालयात मुलासाठी तो गुडघे टेकून प्रार्थना करतो, तेव्हा त्या ताठ मानेचे काय होते ते पाहवत नाही. गांधी आणि लोगन या दोघांना ठरलेली दिशा होती. बेहरानी चांगला आणि चुकलेला, दोन्ही एकाच वेळी आहे. मला दोनच भूमिका निवडायला सांगितल्या, तर गांधींशेजारी मी बेहरानीला बसवेन. या भूमिकेसाठी त्यांना चौथे आणि आजवरचे शेवटचे ऑस्कर नामांकन मिळाले.

त्यानंतरच्या काळाबद्दल थोडक्यात बोलता येते. काही चित्रपट त्यांच्या दर्जाला साजेसे नव्हते. ‘ह्यूगो’मधले वृद्ध, विस्मृतीत गेलेले चित्रपटकार जॉर्ज मेलिए मात्र हळुवार होते. २०१३ साली ‘आयर्न मॅन ३’मध्ये जगाला धाक घालणारा दहशतवादी प्रत्यक्षात भाड्याने घेतलेला पडेल नट निघतो, ही कल्पना त्यांनी इतक्या प्रेमाने खेळवली, की तोच स्लॅटरी २०२१ साली ‘शँग-ची’मध्ये परत आला.

‘गांधी ते डॉन लोगन’ हे अंतर थक्क करणारे वाटते, ते किंग्सले यांना आपण फक्त पडद्यावर पाहिले म्हणून. १९८० च्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहात रॉयल शेक्सपिअर कंपनीने डिकन्सच्या कादंबरीवरून ‘निकोलस निकलबी’चा साडेआठ तासांचा, दोन भागांतला प्रयोग सादर केला. त्यात उपाशी ठेवलेल्या मुलांना झोडपणारा, एका डोळ्याचा यॉर्कशरचा शाळामास्तर स्क्वीअर्स किंग्सले यांनी केला होता. क्रूर, लोभी आणि दरारा बसवणारा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते भारतात गांधीजींच्या वेशात कॅमेऱ्यासमोर उभे होते. पुढे तो प्रयोग टीव्हीसाठी चित्रित झाला, तोवर स्क्वीअर्सची भूमिका अलुन आर्मस्ट्राँग यांच्याकडे गेली होती. चित्रफितीत चाबूक आर्मस्ट्राँग यांच्या हातात दिसतो.