मालवणचे घुर्ये आणि दोन ठिकाणचं गाव

आमच्या वाडीतल्या सत्यनारायणाच्या पत्रिकेवर खाली दोन निमंत्रक असतात: 'ग्रामस्थ मंडळ, स्थानिक' आणि 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. वर्गणी बहुतेक दुसऱ्याची, राबणं पहिल्याचं. आता हे गाव खेड्यात धरायचं की शहरात?

भारतात समाजशास्त्राची घडी बसवणारे गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे इथलेच. जन्म मालवणचा, 1893 चा. शिकले संस्कृत. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार त्याचा प्रमुख झाला. गेडीस मुळात जीवशास्त्रज्ञ. शहराकडे तो झाडाकडे बघावं तसं बघायचा: मुळं कुठवर गेलीत, पाणी कुठून येतं? डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या नदीखोऱ्याचा एक उभा छेद तो काढून दाखवी. वर लाकूडतोड्या आणि धनगर, मध्ये शेतकरी, खाली कोळी आणि बंदर. सह्याद्रीवरून उतरून मालवणच्या किनाऱ्याला लागलं की तो छेद पायाखालीच असतो.

या गेडीससाठी घुर्यांनी 'मुंबई एक नागरी केंद्र' या विषयावर निबंध लिहिला. तो पसंत पडला आणि घुर्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आले आणि 1924 पासून 1959 पर्यंत त्यांनी हा विभाग सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. स्वतः घुर्ये ग्रंथांत जास्त रमले, ही त्यांच्यावरची टीका मला तरी पटते. पण पुढे ते पुण्याजवळच्या लोणीकंदकडे वळले. 1819 मध्ये कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने ते गाव बारकाईने नोंदून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनंतर तिथं काय बदललं, हे घुर्यांनी 1960 च्या पुस्तकात मांडलं. 1963 च्या पुस्तकात गाव-शहराची सरमिसळ हाच विषय घेतला.

जनगणनेला ही सरमिसळ झेपत नाही. नगरपालिका वगैरे नसेल, तर तिच्या लेखी शहर म्हणजे किमान 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेर. यात पुरुष 'इथं' धरलेत, आणि नेमके तेच आमच्याकडे नसतात. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. सिंधुदुर्गाची लोकसंख्या दहा वर्षांत 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. माणसं मेली नाहीत, लालबाग-परळ, पुढे डोंबिवली-नालासोपाऱ्यात मोजली गेली.

शेजारच्या काकी म्हणतात, "आमचां घर हयच, मुंबैक नुसती खोली." खोलीत तीस वर्षं काढली त्यांच्या घोवाने. चतुर्थीच्या आदल्या रात्री मात्र एसटीतून उतरून तो पहिल्यांदा कुलपाच्या कडीला तेल घालतो, मग आत जातो.