पाकिटावर कुणीही काहीही लिहू शकतं

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्या दोघांमध्ये एक छोटासा संवाद होतो. पाठवणारा सर्व्हर आधी आपलं नाव सांगतो. मग म्हणतो, ‘या पत्त्यावरून पत्र आहे.’ समोरचा म्हणतो, ‘ठीक.’ ‘या पत्त्यावर द्यायचंय.’ ‘ठीक.’ ‘आता मजकूर देतो.’ ‘द्या.’ एवढं झालं की पत्र पेटीत पडतं. हे पत्र खरोखर त्या पत्त्यावरूनच आलंय का, हा प्रश्न या संवादात कुठेच येत नाही.

संवादाच्या या नियमांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ मध्ये लिहिले आणि पुढे पडलेली भर धरून जगातला ईमेल आजही त्यांवरच चालतो. त्या काळी नेटवर्कवर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि काही सरकारी कार्यालयं एवढीच मंडळी होती. एकमेकांकडे ओळखपत्र मागावं असं कुणाला वाटलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणं मला पटत नाही. टपालातल्या पाकिटामागे लिहिलेलं नाव खरं आहे का, हे पोस्टमन तरी कुठे तपासतो?

यातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. ‘या पत्त्यावरून पत्र आहे’ हे वाक्य म्हणजे पाकिटावरचा पत्ता. इनबॉक्समध्ये ठळक अक्षरांत दिसणारं नाव त्या पाकिटावरचं नसतं. ते आतल्या कागदाच्या माथ्यावरचं, लेटरहेडवरच्या नावासारखं असतं. पाकीट आपल्याला सहसा दिसतच नाही. मोबाइलवर तर लेटरहेडवरचा पत्ताही झाकलेला असतो, नुसतं नाव दिसतं, आणि ते पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे ‘बँक सुरक्षा विभाग’ असं लिहायला बँक लागत नाही. नको असलेल्या आणि घातकी ईमेलपासून बचावाचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो, कारण पुढचे बहुतेक उपाय म्हणजे या एका उणिवेला लावलेली ठिगळं आहेत.

नको असलेला ईमेल, म्हणजे स्पॅम, त्या नियमांहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरच्या, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. लोक भडकले, पण जाहिरातीची ही तऱ्हा टिकली. ती का टिकली याचं उत्तर २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी फार सुंदर प्रयोग करून दिलं. स्पॅम पाठवणाऱ्या एका बॉटनेटच्या, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या, आत त्यांनी शिरकाव केला आणि औषधांच्या जाहिरातींचा हिशेब ठेवला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी ईमेल गेले. खरेदीपर्यंत पोचले फक्त २८ जण. पत्र पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नसेल तर एवढ्यावरही धंदा चालू राहतो. म्हणून ‘असल्या मेलला कोण फसणार?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कोटीत एखादाच फसला तरी पाठवणाऱ्याला तो पुरतो.

एवढ्या पत्रांतून आपली चार पत्रं वेगळी काढायचं काम फिल्टर करतो, आणि त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा, स्पॅम ठरलेल्या दर १०० पत्रांपैकी २० पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द येतो आणि तुमच्या चांगल्या १०० पत्रांपैकी एकातच. दोन्ही प्रकारची पत्रं सारख्याच संख्येने येत असतील, तर ‘बक्षीस’ असलेलं नवं पत्र स्पॅम असण्याची शक्यता २१ मध्ये २०, म्हणजे सुमारे ९५ टक्के. आता त्याच पत्रात तुमच्या कामाचा एक खास शब्द आहे, जो चांगल्या १०० पैकी २० पत्रांत येतो आणि स्पॅममध्ये एखाद्याच. दोन्ही शब्द एकमेकांना तोडीस तोड ठरतात आणि पारडं पुन्हा मध्यावर येतं. असे शेकडो शब्द, लिंक आणि पत्ते मिळून पारडं एका बाजूला झुकतं. नव्या पुराव्याने आपला अंदाज कसा बदलावा, हे सांगणारं हे सूत्र थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ईमेलच्या फिल्टरमध्ये ते १९९८ च्या सुमारास आलं आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखानंतर सगळीकडे पसरलं. आजच्या फिल्टरांत याहून गुंतागुंतीची यंत्रं आहेत, पण पुरावे तोलण्याची कल्पना तीच.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. एक, फिल्टर उदाहरणांवरून शिकतो. स्पॅम नुसता डिलीट केला तर त्याच्या शिकण्याला काहीच मिळत नाही, ‘स्पॅम’ असा शेरा मारला तर मिळतं. चुकून स्पॅममध्ये गेलेलं चांगलं पत्र बाहेर काढून तसं सांगणं तितकंच महत्त्वाचं. दोन, फिल्टर मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. एक जाहिरात आत आली तर वैताग होतो, पण नोकरीचं पत्र कचऱ्यात गेलं तर नुकसान होतं. म्हणून काही वाईट पत्रं आत येणारच, आणि तो बिघाड नसून फिल्टर बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेली निवड आहे.

पाकिटावरच्या नावाची उणीवही अखेर लोकांनी तीन टप्प्यांत बुजवली. एसपीएफ या पद्धतीत संस्था जाहीर करते की आमच्या नावाने फक्त हे सर्व्हर पत्र पाठवतील. घेणारा सर्व्हर ती यादी पाहतो. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर गणिती सही करतो, वाटेत एखादं अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. पण या दोन्ही तपासण्या पार करूनही लेटरहेडवर भलतंच नाव छापता येत होतं. २०१२ मध्ये पुढे आलेल्या डीएमएआरसीने ती फट बुजवली: लेटरहेडवरच्या पत्त्याचं डोमेन, म्हणजे ‘@’ नंतरचा भाग, आणि तपासलेलं डोमेन जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर पत्राचं काय करायचं हेही त्या डोमेनचा मालकच सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्हींची सक्ती केली. संवादाचे नियम ठरल्यानंतर ४२ वर्षांनी!

तरी या तपासण्या काय सांगत नाहीत, ते नीट लक्षात ठेवायला हवं. पत्र त्याच डोमेनवरून आलं, एवढंच त्या सांगतात. ते डोमेन भल्या माणसाचं आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. भामट्याने तुमच्या बँकेसारखं दिसणारं डोमेन विकत घेतलं तर त्याची पत्रं तिन्ही तपासण्या सहज पार करतात. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी लिहिले की घाईत ‘एम’ दिसतो. रशियन लिपीतली काही अक्षरं रोमन अक्षरांसारखी हुबेहूब असतात. देवनागरीत ‘रवाना’ आणि ‘खाना’ यांचा जुना घोळ आहे, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून लिंकचा पत्ता वाचता येणं हे कौशल्य मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं वाटतं. आपण डावीकडून वाचतो, पत्त्याचा मालक मात्र उजवीकडे असतो. ‘माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट’ यात डोळा ‘माझीबँक’वर अडकतो, पण ही जागा ‘खाते-तपासणी.नेट’ची आहे. डावीकडचं सगळं त्या मालकाने हवं तसं जोडलेलं असतं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून मागे यायचं. शेवटचे दोन तुकडे, काही देशांच्या पत्त्यांत तीन, हा मालक. संगणकावर लिंकवर माउस नुसता ठेवला तरी खरा पत्ता दिसतो, मोबाइलवर बोट दाबून धरलं की बहुधा दिसतो.

आणि त्याहून बरं म्हणजे पत्रातली लिंक वापरायचीच नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या प्रचारात हिलरी क्लिंटन यांच्या मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने इशारा आला: कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, लगेच बदला. सहकाऱ्यांनी तांत्रिक विभागाला विचारलं. उत्तर आलं की पत्र खरं आहे. लिहिणाऱ्याला ‘खोटं’ म्हणायचं होतं, असं नंतर सांगण्यात आलं. मला या प्रसंगातली दुसरी गोष्ट जास्त हळहळायला लावते. त्याच उत्तरात गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ता दिलेला होता. तो उघडला असता तर आधीची चूक माफ झाली असती. क्लिक झालं ते मूळ पत्रातल्या लिंकवर, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा पत्रव्यवहार जगासमोर आला. इशारा खरा असो वा खोटा, आपल्याला ठाऊक असलेला पत्ता स्वतः टाइप करून गेलं की फरक पडत नाही.

अटॅचमेंटची तऱ्हा वेगळी. मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचं पत्र जगभर पसरलं. सोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ होतं. विंडोज ओळखीची शेवटची शेपटी लपवत असे, त्यामुळे लोकांना साधा मजकूर दिसला, प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम होता. उघडताच त्याने फाइली पुसल्या आणि अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवली. प्रत्येकाला पत्र आलं ते ओळखीच्या माणसाकडून. फाइलींची पूर्ण नावं दाखवण्याची सोय विंडोजमध्ये आजही आपण चालू करायची असते. ती आजच करावी.

वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइलींत मॅक्रो नावाचे छोटे प्रोग्रॅम असू शकतात. १९९९ चा मेलिसा हा व्हायरस त्यांच्यातूनच पसरला. बाहेरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे फाइल उघडल्यावर ‘मजकूर दिसण्यासाठी हे बटण दाबा’ असं सांगत असेल, तर ती बंद करायची. मजकूर दाखवायला मॅक्रो लागत नाही.

सर्वांत अवघड असतं ते खऱ्या माणसाच्या खऱ्या खात्यातून येणारं घातकी पत्र. इमोटेट नावाचा प्रोग्रॅम संगणकात शिरला की जुना पत्रव्यवहार चोरायचा आणि चालू संभाषणाला उत्तर म्हणून स्वतःची फाइल जोडायचा. नाव ओळखीचं, विषय ओळखीचा, खाली तुमचीच मागची ओळ. अशा वेळी भाषेच्या चुका शोधून काही हाती लागत नाही. न मागितलेली फाइल आली, पैसे दुसऱ्या खात्यात भरायला सांगितले किंवा घाई केली, तर त्या माणसाला फोन करायचा. नंबर आपल्याकडचा, पत्रातला नव्हे. यात त्याचा अपमान नाही. त्याच्या खात्यात कुणी शिरलं असेल तर ते त्याला तुमच्याकडूनच कळेल.

डोळ्यांवर सगळी भिस्त ठेवायची नसेल तर एक पक्का उपाय आहे. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड साठवून ठेवणारा प्रोग्रॅम, पत्त्याचं एकेक अक्षर जुळवून मगच पासवर्ड भरतो. तो नेहमीच्या पानावर गप्प बसला तर हाताने पासवर्ड टाकू नका, आधी पत्ता पाहा. सिक्युरिटी की (लॉग इन करताना उपकरणाला जोडायची छोटी किल्ली) आणि पासकी (पासवर्डऐवजी उपकरणातच साठवलेली गुप्त किल्ली) याच तत्त्वावर चालतात: खोट्या पानाला त्या उत्तरच देत नाहीत. मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड आपण फसून खोट्या पानावर टाकू शकतो, पासकी टाकता येत नाही. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं की सिक्युरिटी की सक्तीची केल्यापासून त्यांच्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं अशा फसवणुकीत गेल्याचं आढळलेलं नाही. ईमेलच्या खात्याला तरी हे आधी लावावं, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात.

बाकीची खबरदारी थोडक्यात. पत्रातली चित्रं आपोआप उघडू देऊ नका. डोळ्याला न दिसणारं एका ठिपक्याचं चित्रही पाठवणाऱ्याला सांगतं की हा पत्ता जिवंत आहे. ‘अनसबस्क्राइब’ ओळखीच्या कंपनीच्या पत्रात जरूर दाबा, अनोळखी पत्रात नको. खरेदी आणि नोंदणीसाठी वेगळा पत्ता ठेवा. अपडेट टाळू नका. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून तोडून ठेवलेल्या डिस्कवर असू द्या.

क्लिक होऊन गेलंच असेल तर लाजून गप्प बसू नका. फाइल उघडली असेल तर आधी संगणकाचं इंटरनेट तोडा. कार्यालयाचा संगणक असेल तर तांत्रिक विभागाला त्याच मिनिटाला सांगा. पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या उपकरणावरून तो बदला, तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही, आणि सगळीकडून लॉग आउट करा. मग मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम पाहा. आत शिरलेला माणूस बरेचदा तिथे एक ओळ लिहून ठेवतो: येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत अमुक पत्त्यावर पाठव. पासवर्ड बदलला तरी ती ओळ तशीच राहते, ती आपण हाताने पुसावी लागते.