एनएफटी व बौद्धिक संपदा हक्क : कोकणातील चित्रपरंपरा

एनएफटी (नॉन-फंजिबल टोकन) म्हणजे ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवर सामायिक राखलेल्या, नोंदवहीत एखाद्या अंकीय चित्रासाठी, ध्वनिफितीसाठी किंवा अन्य वस्तूसाठी केलेली एकमेव क्रमांकाची नोंद. शंभराच्या एका नोटेऐवजी दुसरी चालते, तशी एका एनएफटीऐवजी दुसरी चालत नाही. ही नोंद विकत घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा बौद्धिक संपदा कायद्यापुढचा मुख्य प्रश्न होय. सिंधुदुर्गातील चित्रकथी (चित्रे दाखवत आख्यान सांगण्याची कला) व गंजिफा (खेळाचे गोल पत्ते) यांच्या बाबतीत तो अधिकच जिव्हाळ्याचा ठरतो.

पहिली एनएफटी कोणती, यावर मतभेद आहेत. कलाकार केव्हिन मॅकॉय यांनी २ मे २०१४ रोजी नेमकॉइन या ब्लॉकचेनवर नोंदवलेल्या ‘क्वांटम’ या अंकीय कलाकृतीला बहुतेक जण हा मान देतात, काही जण २०१२-१३ च्या सुमाराच्या, बिटकॉइनवरील ‘कलर्ड कॉइन्स’पर्यंत मागे जातात. चित्राशी थेट जोडलेली नोंद ही कसोटी धरल्यास पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. नेमकॉइनवरील नोंद वेळेवर नूतनीकृत न केल्यास संपते. ‘क्वांटम’ची नोंद तशी संपल्यावर २०२१ मध्ये दुसऱ्याच कोणी ते नाव आपल्याकडे घेतले आणि वाद न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला, २०२३ मध्ये तो दावा फेटाळला गेला. नोंद एकाकडे आणि निर्मिती दुसऱ्याची, ही अडचण अशी अगदी आरंभापासूनची आहे. पुढे इथेरियम या ब्लॉकचेनवर २०१८ मध्ये एनएफटीसाठी ईआरसी-७२१ हे मानक ठरले. त्यात टोकनाचा क्रमांक व धारकाचा पत्ता असतो. चित्र बहुधा अन्यत्र साठवलेले असते आणि टोकनात त्याचा दुवा तेवढा राहतो.

भारतात एनएफटीसाठी वेगळा स्वामित्वहक्क कायदा नाही. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ हाच लागू पडतो. त्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून केवळ टोकन घेणाऱ्याला ते चित्र छापण्याचा, कपड्यावर उमटवण्याचा किंवा त्यावरून दुसरे चित्र करण्याचा हक्क मिळत नाही. हक्क विकल्यावरही चित्रावर आपले नाव असावे आणि चित्राची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड होऊ नये, एवढा अधिकार कलम ५७ चित्रकाराकडेच ठेवते. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला वाटा देणारे कलम ५३अ आहे. वाट्याची कमाल मर्यादा १० टक्के. ते लिहिले गेले प्रत्यक्ष मूळ प्रत डोळ्यांसमोर ठेवून. टोकनाच्या फेरविक्रीवरचे मानधन करारावर व त्या त्या बाजारपेठेच्या मर्जीवर चालते.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. कागदी चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने आख्यान रंगते आणि कथेकरी एकेक चित्र पुढे धरून ते उलटत जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील याच धाटणीची जुनी चित्रे ‘पैठण शैली’ची म्हणून ओळखली जातात. ती पैठण परिसरात मिळाली म्हणून हे नाव पडले असे सांगतात. मात्र एका बाजूने दाखवलेले चेहरे, मोठे डोळे आणि ठसठशीत रेषा पाहता काही अभ्यासक पैठण व पिंगुळी यांचे मूळ एकच मानतात, आणि तेच सयुक्तिक दिसते. काळ सर्वसाधारणपणे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा धरला जातो.

हा वाद केवळ नावाचा नाही. कायद्याचे संरक्षण चित्रकाराच्या हयातीपुरते व मृत्यूनंतर ६० वर्षे असते, त्यामुळे अशा जुन्या, निनावी चित्रांवर आज कोणाचाच हक्क उरत नाही. त्यांचे छायाचित्र काढून टोकन विकणाऱ्याला प्रतिलिप्यधिकाराने अडवता येत नाही आणि ज्या घराण्यांनी या चित्रांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, त्यांच्या हाती काही लागत नाही. ही उणीव गंभीर आहे. आजच्या पिंगुळीकर चित्रकाराने रामायणातला तोच प्रसंग स्वतःच्या हाताने रंगवला, तर त्या चित्रावर मात्र त्याचा पूर्ण हक्क असतो. सपाट चित्राच्या निव्वळ स्कॅनला नवा हक्क मिळू नये, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी निकालातील ‘किमान सर्जकते’च्या कसोटीवरून मांडता येते.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच १२० गोल पत्त्यांचा : दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. मत्स्याच्या दशकीवर, म्हणजे दहाच्या पत्त्यावर, दहा मासे मोजून घ्यावेत. या गंजिफांना भौगोलिक मानांकन आहे, पण १९९९ चा तो कायदा शेतमाल, हस्तव्यवसाय व उद्योग यांतील ‘माला’साठी आहे, पत्त्याच्या अंकीय प्रतिमेला तो कितपत लागू होईल याविषयी शंका घेतली जाते.

करविषयक तरतूद २०२२ ची. आभासी अंकीय मालमत्तेच्या (तिच्या व्याख्येत एनएफटीही येतात) नफ्यावर ३० टक्के कर बसला. टोकनाबरोबर प्रत्यक्ष वस्तूची मालकीही कायदेशीररीत्या हस्तांतरित होत असल्यास, उदाहरणार्थ गंजिफांचा खरा संच, ते टोकन ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने या व्याख्येबाहेर ठेवले.