सर्व्हर-बाजूची प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिची निवड

ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट तपासून, डेटाबेस वाचून उत्तराचे पान किंवा जेसन (प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मांडणीतील डेटा) तयार करणारा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात ती सर्व्हर-बाजूची भाषा. पीएचपी, पायथॉन, जावा, सी शार्प, रूबी, गो आणि जावास्क्रिप्ट (नोड या ब्राउझरबाहेर ती चालवणाऱ्या साधनावर) या विशेष प्रचारात आहेत.

उगम : रिक्वेस्टगणिक स्वतंत्र प्रोग्रॅम चालवण्याची सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस) पद्धत १९९३ च्या सुमारास एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राच्या सर्व्हरमुळे रूढ झाली; आरएफसी ३८७५ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजातील तिचे वर्णन मात्र २००४ चे. आरंभी पर्ल व सी यांचाच वापर अधिक होता. पीएचपीचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. रॅस्मस लेर्डोर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी सीमध्ये लिहिलेले सीजीआय प्रोग्रॅम १९९४ चे मानतात, तर जाहीर घोषणा ८ जून १९९५ ची आहे. त्या प्रोग्रॅमसंचाला भाषा म्हणणे कठीणच. आजच्या पीएचपीशी जुळणारे रूप झीव्ह सुरास्की व अँडी गुटमन्स यांनी पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) नव्याने लिहिल्यावर, १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तेव्हा साधन म्हणून १९९५ व भाषा म्हणून १९९८ धरणे अधिक सयुक्तिक. सर्व्हरवरील जावास्क्रिप्टही २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोडपासून सुरू झाली असे सर्रास लिहितात. पण नेटस्केप या ब्राउझर-कंपनीच्या सर्व्हरमध्ये ती १९९० च्या दशकाच्या मध्यासच होती.

प्रक्रिया-रचना : भाषेच्या वेगाची तुलना करणारे तक्ते निवडीला फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण नेहमीच्या संकेतस्थळाचा वेळ बहुधा डेटाबेसच्या क्वेरीतच जातो. एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट कशा हाताळल्या जातात, हे आधी पाहावे. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) प्रत्येक रिक्वेस्ट एक प्रोसेस (प्रोग्रॅमची चालू प्रत) अडवून ठेवते. प्रोसेसला सरासरी ४० एमबी लागत असतील आणि १ जीबी मेमरी राखून ठेवली असेल, तर प्रोसेसची कमाल संख्या २५ च्या आसपास ठेवावी. आकडा वाढवला तर स्वॅप (मेमरी अपुरी पडल्याने डिस्कचा वापर) सुरू होऊन सर्व्हर रखडतो. फार कमी ठेवला तर रांग लागते व ५०४ (उत्तर वेळेत न आल्याचा एरर-क्रमांक) दिसू लागतो. नोडमध्ये जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर (प्रोसेसमधील कामाच्या एकाच धाग्यावर) चालते. हजारो जोडण्या नुसत्या ताटकळत असतील तर ते स्वस्त पडते, पण पासवर्डचे हॅशिंग (उलटवता न येणारे रूपांतर) सिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे ते संपेपर्यंत थांबून, केले आणि त्याला ३०० मिलिसेकंद लागले, तर तेवढा वेळ बाकी सर्वजण खोळंबतात. नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणाऱ्या कुलपामुळे) एका प्रोसेसमधले थ्रेड गणनेला उपयोगी पडत नाहीत. म्हणून गनिकॉर्न या पायथॉनच्या सर्व्हरसाठी प्रोसेसरच्या कोअरची दुप्पट अधिक एक इतके वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) हा आरंभीचा ठोकताळा आहे. गोमधील गोरुटीन (थ्रेडसारखे हलके काम) मात्र सुमारे २ केबीच्या स्टॅकवर (कामासाठी राखलेल्या मेमरीवर) सुरू होते.

देवनागरी मजकूर : मराठी संकेतस्थळासाठी हा मुद्दा गौण नाही. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये १५ बाइटचा, ५ संकेतबिंदूंचा (युनिकोडने क्रमांक दिलेल्या चिन्हांचा) आणि वाचकाच्या लेखी ३ अक्षरांचा. लांबी मोजणाऱ्या फंक्शनपैकी पीएचपीचे स्ट्रलेन व गोचे लेन १५ सांगतात. पायथॉन व जावास्क्रिप्ट ५. तीन हे उत्तर पीएचपीत इंटल एक्स्टेन्शनचे ग्राफीम_स्ट्रलेन देते. बातमीचा सारांश पीएचपीच्या सबस्ट्रने (बाइट मोजून कापणाऱ्या फंक्शनने) कापला तर अक्षर मध्येच तुटून � उमटते. संकेतबिंदू मोजणारे एमबी_सबस्ट्र वापरले तरी काना-वेलांटी गळू शकते. पीएचपीच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा सहाव्या आवृत्तीचा प्रयत्न २०१० मध्ये सोडून देण्यात आला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुन्या यूटीएफ८ ला देवनागरी चालते, इमोजी चालत नाही; म्हणून यूटीएफ८एमबी४ घ्यावे.

होस्टिंग व देखभाल : शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांत वाटून दिलेल्या सर्व्हरवर) पीएचपीच्या फाइली पब्लिक_एचटीएमएल फोल्डरमध्ये टाकल्या की काम भागते. नोड, पायथॉन वा गोला सतत चालणारी प्रोसेस, ती पडल्यास उठवणारी सिस्टमडीसारखी व्यवस्था आणि पुढे रिक्वेस्ट घेऊन ती आत पोचवणारा एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर लागतो. प्रोसेस मेली की ५०२ (मागच्या प्रोग्रॅमकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर-क्रमांक). छोट्या संस्थेकडे हे पाहणारा माणूस नसेल तर पीएचपीच बरी. आवृत्ती-बदलाचा खर्चही आधीच धरावा : पीएचपी ८ मध्ये ० आणि ‘abc’ सारखी अक्षरी स्ट्रिंग यांची == तुलना खोटी ठरू लागली (पूर्वी खरी होती), त्यामुळे जुन्या कोडमधील अटी कोणतीही एरर न देता वेगळ्या वागतात.